बेरीज छत्तीस, तरी नकाशा चुकलेला: किनाऱ्यावरच्या एका शाळेतील भित्तिनकाशाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीपासून फार दूर नसलेल्या एका माध्यमिक शाळेत हे प्रकरण घडले. शाळेचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. मी त्या शाळेत पूर्वी भूगोल शिकवत असे आणि प्रकरण घडले तेव्हा शालेय समितीचा सदस्य होतो. म्हणजे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या काहींत माझाही वाटा आहे.

शाळेची इमारत चिरेबंदी आहे. तिच्या मधल्या पडवीतील लांब भिंतीवर २०१३ च्या उन्हाळ्यात भारताचा राजकीय नकाशा रंगवण्यात आला. खर्च गावच्या एका मुंबईकर कुटुंबाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ केला होता आणि नकाशाच्या डाव्या बाजूला तशी संगमरवरी पाटी बसवली होती. नकाशाखाली ठळक अक्षरांत सूची होती: राज्ये २८, केंद्रशासित प्रदेश ७. त्या वर्षी हे आकडे अचूक होते आणि नकाशावरची मोजणीही त्यांच्याशी जुळत होती. प्रार्थनेच्या रांगा याच पडवीत लागत असल्यामुळे मुलांची नजर दररोज त्या नकाशावर पडत असे, आणि पाठ्यपुस्तकातील पानापेक्षा भिंतीवरचे चित्र मुलांच्या मनात खोलवर उतरते हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. या प्रकरणाचे गांभीर्य त्यातच आहे.

अडचण

नकाशा रंगवून वर्षभरच झाले होते, तेव्हा २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले आणि राज्यांची संख्या २९ झाली. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू आणि काश्मीर या राज्याचे जम्मू-काश्मीर आणि लडाख असे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. राज्ये पुन्हा २८ आणि केंद्रशासित प्रदेश ९ झाले. पाठोपाठ २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन प्रदेश एकत्र करण्यात आले आणि संख्या ८ वर आली. भिंत मात्र २०१३ मध्येच थांबलेली होती.

शिक्षक वर्गात तोंडी दुरुस्ती सांगत होते. करोनाच्या काळातील बंदीनंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा एका तरुण शिक्षकांनी स्वतःहून रंग आणला, सूचीतील ७ चा ८ केला आणि आंध्र प्रदेशाच्या आत अंदाजाने एक रेघ ओढून तेलंगण लिहिले. सूचीतील २८ हा आकडा आपोआपच पुन्हा बरोबर ठरला होता, त्यामुळे त्याला हात लावण्याचे कारण नव्हते. समितीने या तत्परतेबद्दल त्यांचे अभिनंदन केले. भिंतीसमोर उभे राहून नकाशा मोजून पाहावा असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

ते सुचले आठवीतील एका मुलीला. २०२३ च्या जानेवारीत, तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेची तयारी करताना, तिने नकाशावरील रंगांचे तुकडे बोटाने मोजले आणि बाईंना विचारले, “बाई, खाली अठ्ठावीस आणि आठ लिहिलंय, पण भिंतीवर एकोणतीस आणि सात भरतात. खरं कुठलं?”

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. भिंतीवर तेलंगणाची भर पडली होती, परंतु जम्मू आणि काश्मीर अजून एकसंध राज्य म्हणूनच रंगवलेले होते. म्हणून राज्ये २९ भरत होती. लडाख भिंतीवर नव्हताच, तर दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव ही अजून दोन वेगळी नावे होती. म्हणून केंद्रशासित प्रदेश ७ भरत होते. एकोणतीस अधिक सात म्हणजे छत्तीस, आणि सूचीतील अठ्ठावीस अधिक आठ म्हणजेही छत्तीसच. एक प्रदेश कमी पडत होता आणि एक जास्त होत होता, त्यामुळे एकीची चूक दुसरीच्या पोटात लपली होती. वरवरच्या तपासणीला उत्तर बरोबर आलेले दिसत होते. भर म्हणजे महाराष्ट्राचे जिल्हेही २०१४ मध्ये पालघर झाल्यापासून ३६ आहेत, त्यामुळे छत्तीस हा आकडा आमच्या मुलांच्या तोंडी इतका बसलेला होता की त्यावर शंका घेण्याचे कुणाच्या मनात आले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

मुख्याध्यापिकांनी फेब्रुवारीत बैठक बोलावली. चार सूचना पुढे आल्या.

पहिली सूचना सर्वांत स्वस्त होती: उरलेल्या दुरुस्त्या आहे त्याच नकाशावर कराव्यात. तिला मीच विरोध केला, कारण लडाखची सीमा अंदाजाने काढता येणारी नव्हती आणि तेलंगणाची रेघही तशीच अंदाजाची निघाली होती. दुसरी सूचना छापील फ्लेक्स लावण्याची होती. पडवी पश्चिमेकडे उघडी आहे. पावसाळ्यात झापांची झड, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा आडोसा, बांधली तरी खारा वारा आत शिरतोच, आणि एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत फ्लेक्स टिकत नाही हा आमचा जुना अनुभव होता. तिसरी सूचना विज्ञानाच्या शिक्षकांची होती: भिंतीवर केवळ देशाची बाह्यरेषा रंगवावी आणि राज्यांचे प्लायवूडचे सुटे तुकडे करून ते अडकवावेत, म्हणजे बदल झाला की तेवढाच तुकडा बदलता येईल. प्लायवूड आमच्या हवेत फुगते आणि लहान तुकडे आधी हरवतात, या दोन कारणांवरून ती आम्ही पाच मिनिटांत नाकारली. चौथी सूचना सगळा नकाशा खरवडून नव्याने रंगवण्याची होती. ती स्वीकारली गेली, आणि खरे कठीण निर्णय त्यानंतर सुरू झाले.

निर्णयाच्या जागा

मूळ नकाशा कोणता घ्यायचा, हा पहिला प्रश्न होता. एका सहकाऱ्याने इंटरनेटवरून उतरवून घेतलेला सुबक नकाशा आणला. त्यावर भारताची उत्तर सीमा तुटक रेषांनी दाखवलेली होती, आणि मुख्याध्यापिकांचे लक्ष वेळीच गेले म्हणून तो बाजूला ठेवला गेला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शाळेची भिंत ही सार्वजनिक जागा आहे. म्हणून सर्वेक्षण विभागाचाच राजकीय नकाशा आधाराला घेतला. पुनर्रचनेनंतरचा हा नकाशा २ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झाला होता. त्यात आरंभी आंध्र प्रदेशाची राजधानी अमरावती दाखवलेली नव्हती आणि ती त्याच महिन्यात सुधारित नकाशात घातली गेली. अधिकृत नकाशालाही आवृत्ती असते हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले आणि आमच्या भिंतीवर तारीख का हवी, या चर्चेला तेथून सुरुवात झाली.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा होता. भिंतीवर १ सेंटिमीटरला १५ किलोमीटर हे प्रमाण बसत होते. या प्रमाणात ३,२१४ किलोमीटरची दक्षिणोत्तर लांबी सात फुटांच्या आसपास येते आणि गोवा बोटाएवढा लांब दिसतो. परंतु ११४ चौरस किलोमीटरच्या चंडीगडला अर्धा चौरस सेंटिमीटर मिळतो, ३२ चौरस किलोमीटरचे सारे लक्षद्वीप काही ठिपक्यांत संपते आणि पुदुच्चेरीचा भाग असलेले, पण केरळच्या किनाऱ्यावर वसलेले नऊ चौरस किलोमीटरचे माहे तिळाएवढे होते. या तिळाला रंग द्यावा की नाही यावर बैठकीत अर्धा तास गेला. मोठ्या राज्यांच्या नकाशात असे तपशील गाळले तर कुणी दोष देत नाही. माझे म्हणणे असे होते की समुद्रकाठच्या मुलांना तरी हे तीळ दिसले पाहिजेत, कारण ते बहुतेक किनाऱ्यावरच आहेत आणि त्यांच्या वेगळेपणाचे कारणही समुद्रच आहे: पुदुच्चेरी, कारैकल, माहे आणि यानम येथे फ्रेंच आले, दमण, दीव आणि गोवा येथे पोर्तुगीज आले, आणि त्यांच्या वखारी व बंदरे जेथे होती तेथेच आजच्या प्रदेशांच्या सीमा उरल्या. समितीने हे मान्य केले. एका प्रदेशाच्या सर्व तुकड्यांना एकच रंग आणि एकच क्रमांक द्यायचा आणि नाव सूचीत लिहायचे असे ठरले. “दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव” हे पूर्ण नाव ६०३ चौरस किलोमीटरच्या प्रदेशावर लिहायला जागाही नव्हती.

तिसरा प्रश्न बेटांचा. जुन्या नकाशात अंदमान-निकोबार उजव्या कोपऱ्यात एका चौकटीत होते, कारण त्या जागी खिडकी होती. त्यामुळे ही बेटे ओडिशाच्या जवळ आहेत अशी समजूत मुलांत पसरलेली होती. खरे तर चौकटीची गरज नाही. अंदमान ईशान्येकडील राज्यांच्या दक्षिणेला, नकाशाच्या रुंदीतच बसते, आणि ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट हे टोक कन्याकुमारीपेक्षाही दक्षिणेला आहे. संपूर्ण नकाशा फूटभर डावीकडे सरकवला की खिडकी आड येत नव्हती. पण डावीकडे स्मरणपाटी होती.

येथे आम्ही घसरलो. पाटी हलवावी लागणार आणि वडिलांच्या नावाने रंगवलेला नकाशा खरवडला जाणार, हे त्या कुटुंबाला कोणी आणि कसे सांगायचे यावर महिनाभर काहीच झाले नाही. शेवटी भिंत खरवडायचे ठरल्याची बातमी गावातून मुंबईला पोहोचली आणि आमचा फोन त्यानंतर गेला. देणगीदारांचे चिरंजीव दुखावले होते, आणि त्यांचे दुखावणे रास्त होते. मे महिन्यात ते गावी आले तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्यांना भिंतीसमोर नेले आणि त्या मुलीलाच मोजणी करून दाखवायला सांगितली. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “मॅडम, बाबा असते तर त्यांनीच पुसून घेतला असता. पाटी हलवा, पण २०१३ चा नकाशा बरोबर होता हे कुठंतरी राहू दे.” नकाशाखाली जी पट्टी पुढे रंगवली गेली, तिची मूळ कल्पना या वाक्यात आहे.

चौथा प्रश्न आमच्या अगदी दाराशी होता. जुन्या नकाशावर महाराष्ट्र आणि गोवा यांची सीमा तेरेखोल नदीवरून सरळ समुद्रापर्यंत नेलेली होती. वस्तुस्थिती तशी नाही. खाडीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, तेरेखोलचा किल्ला आणि त्याभोवतीचा छोटा भाग गोव्यात आहे. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, तेव्हापासून तो पलीकडच्या सत्तेखाली राहिला आणि १९६१ मध्ये गोव्याबरोबर भारतात आला. आमच्या शाळेतील मुले नदी न ओलांडता पायी राज्य ओलांडतात. तरीही “नदी हीच सीमा” असे ती उत्तरपत्रिकेत लिहीत आली होती, कारण भिंतीने तसे शिकवले होते. सात फुटांच्या नकाशात हा तुकडा दाखवणे अशक्य होते. म्हणून सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याचा किनारा मोठ्या प्रमाणात दाखवणारी वेगळी चौकट पाटीच्या जुन्या जागेशेजारी काढायचे ठरले.

याच वेळी काही ग्रामस्थांनी नकाशावर कोकण वेगळ्या रंगात दाखवावे असा आग्रह धरला. त्यांची भावना समजण्यासारखी होती, पण कोकण हे राज्य नाही आणि त्याची एकच सीमाही नाही. महसुली कोकण विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टी म्हणून पाहिले तर गोवा आणि कारवारही तिच्यात धरले जातात. राज्य, महसुली विभाग आणि नैसर्गिक प्रदेश यांना एकाच प्रकारच्या रंगाने दाखवले असते तर आम्ही एक गोंधळ काढून दुसरा घातला असता. किनाऱ्यालगत, कोणतीही सीमारेषा न देता, तिरक्या अक्षरांत “कोकण” लिहावे हा तोडगा सर्वांना पटला.

प्रत्यक्ष काम

काम गावातील चितारी काकांकडे दिले, जे दरवर्षी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना, चालवतात. आषाढ लागला की ते मातीतून वर मान काढत नाहीत, म्हणून मे संपण्याआधी काम उरकणे भाग होते. जुना रंग खरवडताना गिलाव्याला खाली लोणा लागलेला आढळला. तेवढा गिलावा नव्याने करून वाळेपर्यंत आठवडा गेला. मग खडूच्या दोरीने चौकटी आखल्या आणि चौकटीगणिक रेषा उतरवल्या. प्रत्येक चौकट रंगवण्यापूर्वी दोन शिक्षकांनी ती वेगवेगळी तपासायची असा नियम मुख्याध्यापिकांनी घातला. काकांना तो आधी अविश्वास वाटला, पण तेरेखोलच्या चौकटीशी आल्यावर ते स्वतःच थांबले आणि म्हणाले, “मास्तर, रेघ खंय थांबवूची ता आधी सांगा, मगे मी ब्रश धरतंय.” पुढे प्रत्येक सीमेशी ते हेच विचारत.

नकाशाच्या वर तारीख लिहिली: “मे २०२३ अखेरची स्थिती”. खाली एक लांब पट्टी काढून तिच्यावर बदलांची वर्षे मांडली. १९५६ ची राज्य पुनर्रचना, तेव्हा १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश; १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात; १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव; १९७५ मध्ये सिक्कीम; १९८७ मध्ये मिझोराम, अरुणाचल प्रदेश आणि ३० मे रोजी गोवा, देशाचे पंचविसावे राज्य; २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल म्हणजे आताचे उत्तराखंड, आणि झारखंड; मग २०१४, २०१९ आणि २०२०. पट्टीवर २०१३ च्या जागी लहान अक्षरांत लिहिले: “या भिंतीवरील पहिला नकाशा: राज्ये २८, केंद्रशासित प्रदेश ७.” उजवीकडचा हातभर भाग मुद्दाम कोरा सोडला.

परिणाम

जूनमध्ये शाळा भरली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक नवी अडचण दिसली. मुले तुकडे मोजत होती. पुदुच्चेरीचे चार तुकडे आणि दमण, दीव, दादरा व नगर हवेली हे चार तुकडे वेगवेगळे धरून अनेकांची मोजणी छत्तीसच्या बरीच पुढे गेली. एकच रंग दिला की मुलांना आपोआप उमगेल असे आम्ही धरून चाललो होतो, ते खरे नव्हते. “तुकडा मोजू नका, क्रमांक मोजा” असे वर्गावर्गांत सांगावे लागले. तरीही ही चूक उपयोगी ठरली, कारण एक प्रदेश चार ठिकाणी का विखुरला, हा प्रश्न मुलांनी स्वतःहून विचारला आणि त्यातून इतिहासाचे दोन तास चांगले रंगले.

पट्टीचा परिणाम आमच्या अपेक्षेबाहेरचा झाला. बाईंनी मुलांना घरची जुनी कागदपत्रे पाहायला सांगितली. कुणाच्या घरी सावंतवाडी संस्थानचा शिक्का असलेला दस्त निघाला, कुणाच्या घरी “मुंबई राज्य, जिल्हा रत्नागिरी” असा पत्ता असलेले पत्र निघाले, तर कुणाच्या आजीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर “महाराष्ट्र राज्य, जिल्हा रत्नागिरी” होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती आजी त्याच घरात, त्याच विहिरीचे पाणी पीत होती. बदलला तो पत्ता. खाडीपलीकडे माहेर असलेल्या एका आजींनी तर नातवाला सांगितले की त्यांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, लग्न झाले तेव्हा माहेर केंद्रशासित प्रदेशात, आणि आता ते राज्यात आहे. हे कागद आणि या आठवणी वर्गात वाचल्या गेल्यावर राज्यांची यादी पाठ करण्याचा कंटाळा बराच कमी झाला, असे बाईंचे निरीक्षण आहे.

भिंतीचे म्हणाल तर दोन पावसाळ्यांनंतर खालच्या बाजूला ओल पुन्हा दिसू लागली आहे. पट्टीवरील १९५६ आणि १९६० ची अक्षरे एकदा उजळावी लागली.

काय वेगळे करता आले असते

देणगीदारांना फोन निर्णयाआधी जायला हवा होता. तो उशीर संकोचातून झाला, आणि संकोचाने त्यांना जास्त दुखावले. दुसरे, २०२१ मधील दुरुस्ती त्या शिक्षकांनी चांगल्या हेतूने केली होती. ती तपासायला समितीतील कुणीही भिंतीसमोर गेले नाही, हा दोष समितीचा आहे. सूचीतील आकडा आणि नकाशावरील मोजणी ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि बेरीज जुळली म्हणून दोन्ही जुळले असे धरता येत नाही. आता दर वर्षी जूनमध्ये आठवीचा वर्ग भिंत मोजतो आणि मोजणी वहीत नोंदवतो. हे काम पहिल्या वर्षापासून करता आले असते.

तिसरे, विज्ञानाच्या शिक्षकांची सुट्या तुकड्यांची सूचना आम्ही फार घाईने मोडीत काढली. भिंतीसाठी ती योग्य नव्हती, पण वर्गात पुठ्ठ्याचे तुकडे करून त्याच कल्पनेने २०१४ ते २०२० चे बदल हाताने करून दाखवता येतात. जम्मू आणि काश्मीरचा एक तुकडा उचलून त्या जागी दोन ठेवायचे, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीची दोन लेबले काढून एक लावायचे, आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचे. गेल्या वर्षी त्याच शिक्षकांनी असा संच स्वतः कापून तयार केला. त्यातला गोव्याचा तुकडा दोनदा हरवला आणि दोन्ही वेळा मुलांनी तो नव्याने कापला. दुसऱ्या वेळी तेरेखोलचे टोक नदीच्या वर काढायला ती विसरली नाहीत.